विध्यर्थ

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं:
'मालाचे वजन अचूक नोंदवले जावे.'
महाप्याला, सातव्या मजल्यावर, एसीत
ते वाक्य मला बरं वाटलं होतं.
निखतने परत पाठवलं, समासात एकच ओळ:
अचूक म्हणजे किती? मी तपासू कसं?

म्हणून पहाटे साडेचारला तुर्भे,
कांदा-बटाटा बाजार, गाळ्याचा धक्का,
मांडीवर लॅपटॉप, चपला सालपटांत बुडालेल्या.
हिंदुराव रांजणे, तोलणार, जावळीकडचे,
म्हणाले, वाचा बघू काय लिहिलंय.
वाचलं.
'नोंदवले जावे,' ते म्हणाले. 'जावे कुणी?'

शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना
बाईंनी सांगितलं नव्हतं
की कर्त्याला पळून जायला ही मागची खिडकी असते.

मग ते बोलत गेले, मी लिहीत गेले.
बारदान ओलं असलं तरी सुक्याचंच वजा करायचं का?
एक वक्कल दोन गिऱ्हाइकांत फुटलं तर पट्टी एक की दोन?
वीज गेली तर?
गोणी काट्यावर असताना गेली तर?
पुढे मी 'इत्यादी' टाइप करू लागले
तसा त्यांनी काट्याच्या पत्र्यावर हात आपटला:
इत्यादीची गोणी कधी भरलेली बघितलीय का तुम्ही?

'काटा थांबल्यावर आकडा घ्यावा,' मी म्हटलं.
'थांबल्यावर म्हणजे?'
गोणी टेकली की आकडा डचमळतो,
पन्नास-दोन, एकोणपन्नास-नऊ, पन्नास,
बादलीतल्या पाण्यासारखा.
घाईतला माणूस त्यातला हवा तो उचलतो.
'मी तीन श्वास थांबतो,' रांजणे म्हणाले,
'सत्तावीस वर्षं. लिहा.'
मी लिहिलं: आकडा तीन सेकंद न हलल्यास.
श्वास हे एकक आमच्या साच्यात बसत नव्हतं.
त्याचं वाईट वाटलं, थोडं.

उजाडता उजाडता त्यांनी आवाज खाली आणला.
वरच्या अर्ध्या-पाऊण किलोचं काय होतं, विचारलंत का कुणाला?
काट्यावर दिसतं, पट्टीवर येत नाही.
कोणी चोरत नाही हो. नुसतं राहून जातं.
हजार गोण्यांमागे राहून गेलेलं
मी फोनवर गुणून बघितलं,
साधारण अर्धा टन,
आणि फोन पर्समध्ये ठेवला.

कलम चौदा मग असं झालं:
'तोलणाऱ्याने घेतलेले वजन संगणकाने
दशांशासह, जसेच्या तसे, पट्टीवर छापावे.
पूर्णांक करू नये.'
चौथीत असताना वहीभर लिहिलेलं आठवलं,
मुलांनी खोटे बोलू नये, शंभर वेळा.
इथे एकदाच लिहायचं होतं.
तरी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं.

बेल्हेकर शेठ सहीला बसले.
तेरा कलमं भराभर. चौदाव्यावर चष्मा काढला.
'हे असंच चालतं मॅडम. हे काही लिहायचं नसतं.'
मी म्हटलं, खोडा ना.
फक्त खोडल्याची सही शेजारी करा, तारीख घालून.
पेन कागदावर आलं.
टेकलं नाही.
गोणी नुकती ठेवल्यासारखं वरखाली होत राहिलं
आणि मी नकळत मोजू लागले,
एक,
दोन,
शेठनी पोऱ्याला चहा सांगितला. पान उलटलं.

दोन महिन्यांनी निखतची नोंद आली:
दिलं ४९.७५. छापलं ४९.७५. बरोबर.
मी रांजण्यांना फोन करून वाचून दाखवली.
मागे कुणीतरी भाव ओरडत होतं,
ते ऐकत राहिले, तीन श्वास तरी,
मग म्हणाले,
आणि ओलं बारदान? ते बघितलं का त्या पोरीनं?